मालकांच्या डोळ्यांसमोर

आमच्या मालकांइतका स्वतःच्या डोळ्यांवर विसंबणारा माणूस अख्ख्या हिंगणघाटात शोधून सापडायचा नाही. जिनिंगच्या यंत्रांचे सुटे भाग विकणारं त्यांचं ऑफिस, आणि त्यात आम्ही सहा माणसं. त्यांचं टेबल अशा कोनात मांडलेलं, की सहाही माना एका नजरेत मोजता याव्यात. जो दिसतो तो काम करतो आणि जो दिसत नाही तो झोपलेला असतो, ही त्यांची पक्की धारणा. मी एकदा पोस्टात जाऊन आलो, तर झोपेची सूज शोधत ते कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांकडे निरखून पाहत होते. पाणी प्यायला कोणी उठलं की "काऊन बा, चालले का घरी?" असं विचारायचे, आणि तो बिचारा तहान मारून पुन्हा खाली बसायचा.

गंमत अशी, की त्यांचा स्वतःचा सगळा धंदा न दिसणाऱ्या गोष्टींवर उभा होता. पार आदिलाबादहून जिनिंगवाल्यांचे फोन यायचे. समोरचा तक्रार सांगायला लागला की मालक त्याला थांबवायचे, "तू काई सांगू नोको. फोन मशीनजवळ धर." मग दुसऱ्या कानात बोट घालून, डोळे मिटून ऐकत बसायचे आणि निकाल द्यायचे, "डाव्या बाजूचं बेअरिंग गेलं तुयं. तेल कोण देते त्याले? त्याले पयले बदल." निदान कधी चुकलं नाही. यंत्रावर न पाहता एवढा भरवसा, आणि माणसांवर मात्र पाहूनही अर्धाच!

लॉकडाऊनमध्ये ऑफिसला कुलूप लागलं, तेव्हा त्यांचे हाल बघवत नव्हते. सासरी असलेल्या मुलीने त्यांना फोनवरूनच व्हिडिओ कॉल शिकवला आणि आमच्या घरांत ऑफिस शिरलं. मालकांचं स्वतःचं फक्त कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा. आमच्या चेहऱ्यांवर मात्र त्यांचं भागेना. "हात दाखवा, हात! तोंड तर झोपीतबी असतेच." तेव्हापासून आम्ही मोबाइल डब्याला टेकवून दिवसभर हात दाखवत काम करू लागलो. एका सकाळी मी आंघोळीला गेलो असताना बायको माझ्या जागी बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मालक खूश. "आज हात मस्त चालून राह्यले तुमचे!" तिच्या बांगड्या त्यांना दिसल्याच नाहीत.

एवढं करूनही एक ऑर्डर चुकली नाही की एक रोलर उशिरा पोचला नाही. सगळ्यांत चोख काम होतं वैशालीताईंचं. त्या वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या. पूर्वी रोज बसने यायच्या. पण लॉकडाऊनमध्येच त्यांच्या आईला अर्धांगवायू झाला, आणि घरात या दोघींशिवाय तिसरं माणूस नाही. ऑफिस उघडलं आणि मालकांचा हुकूम निघाला, सगळ्यांनी दहाच्या ठोक्याला हजर! वैशालीताईंनी चार ओळी लिहून पाठवल्या. आईला सोडून येता येत नाही, घरून काम दिलंत तर करीन, नाहीतर हाच राजीनामा समजावा. त्यांचं घर त्या पगारावर चालायचं, हे मालकांनाही ठाऊक होतं.

दोन दिवस तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली पडून होता. शेवटी मीच धीर करून विचारलं, "मालक, ते आदिलाबादचं मशीन तुमी कधी पाह्यलं?"

"नाई."

"मंग ते चालते हे कसं समजते तुमाले?"

माझ्याकडे न बघता ते चष्मा पुसत बसले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वैशालीताईंची खुर्ची आणि कॉम्प्युटर गाडीत टाकायला लावला, आणि आम्ही सिंदी मेघेला गेलो. दार उघडून सामान बघताच ताईंचा चेहराच उतरला. हिशेब मिटवायला आले, असं वाटलं असावं. मालक सरळ खाटेवरच्या म्हातारीजवळ जाऊन बसले.

"माय, तुमची पोरगी आता इथूनच काम करन. मले दिसली नाई तरी चालते. तुमी तेवढं लक्ष ठेवजा."

म्हातारी अर्ध्या तोंडाने हसली. ताई पदर डोळ्यांना लावून चहा करायला आत गेल्या.

परतताना मालकांनी गाडीची काच खाली घेतली. मग म्हणाले, "धंद्याच्या हिशोबानं बरोबरच केलं मी. सगळ्याईलेच घरी बसवलं तरी काम अडणार नाई, हे समजलं मले. पण बाबू, मी ऑफिस उघडत होतो ते माणसं दिसावी म्हणून. घरात कोण हाय? पोरगी तिच्या संसारात. दहा वाजले का तुमी एकेक जण आत येता, थे पाह्यलं का मले बरं वाटते."

मला फार वाईट वाटलं. मीही घरून काम करायची परवानगी मागणार होतो. अर्ज लिहून तयार होता, खिशातच होता. तो मी आजवर दिलेला नाही.