ओल्या भिंतीवरचा रंग

मुकादमबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण गवंडी, रंगारी, हमाल सगळे तिला तीच हाक मारत, आणि घरी आईसुद्धा चिडली की, “ऐका, मुकादमबाई,” अशीच सुरुवात करायची. वादळात पाणी शिरलेली घरं पुन्हा राहण्याजोगी करून देणं हा तिचा धंदा. फुगलेली दारं उतरवायची, भिजून जड झालेल्या गाद्या बाहेर ओढायच्या, खारं पाणी प्यायलेला गिलावा विटेपर्यंत खरवडायचा, आणि मग थांबायचं. या थांबण्यावरूनच गिऱ्हाइकांशी तिचे खटके उडत. ती आपली एकच सांगे, भिंत आतून सुकल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. मीठ आत राहिलं की ते रंगाला बाहेर ढकलतं.

त्या वर्षी पाणी तिच्याच घरात शिरलं. उताराच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. ती तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याच्या खिडक्यांना फळ्या ठोकून घेत होती. शेजाऱ्यांनी आईला आणि बाबांना वरच्या मजल्यावर नेलं होतं. विजेचं मेन बटण बंद करायचं राहिलं म्हणून बाबा पुन्हा खाली उतरले, आणि गल्लीतलं पाणी एकदम चढलं. दार बाहेर उघडणारं. पाण्याच्या रेट्यापुढे ते हललंच नाही. शेजाऱ्यांनी खिडकीचे गज कापले तोवर सगळं आटोपलं होतं.

बाबांना पोचवून आल्यावर ती लवकरच कामावर गेली. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. ती खंबीर वगैरे काही नव्हती. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसं तिला सगळ्या अंगाचं झालं होतं. दुसऱ्यांची घरं उपसायची, संध्याकाळी घरी येऊन आपलं उपसायचं. पुढची खोली तिनं विटेपर्यंत सोलून काढली. आतल्या खोलीतल्या पलंगामागच्या भिंतीला मात्र आई हात लावू देईना. खरवडू नकोस, वरून रंग दे, पूर्वी होता तसाच फिका हिरवा, एवढंच तिचं म्हणणं.

तिनं समजावून पाहिलं. ओल आहे, मिठाचा लोणा फुटेल, महिनाभरात पोपडे निघतील. गिऱ्हाइकाला सांगावं तसं सगळं सांगून झालं. आईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, रंग आणलास का?

शेवटी तिनं आणला. वाद घालायचं त्राण नव्हतं, एवढंच कारण. ती ब्रश फिरवत असताना तिच्याकडचा म्हातारा गवंडी काही कामानं डोकावला. दारातच थांबला.

“ओल्यावर? आणि तू?”

“आईला हवाय, काका.”

म्हाताऱ्यानं बाह्या सरसावल्या, शिडीवर चढला आणि वरचा भाग त्यानं रंगवून दिला.

भिंत छान दिसू लागली. आई नीट जेवू लागली. बरेच दिवस गेले तरी जमिनीवर एकही पोपडा दिसेना, तेव्हा मुकादमबाईला आपल्याच धंद्याची शंका यायला लागली. मग एका सकाळी तिला जरा लवकर जाग आली. आई पलंगाखाली वाकून झाडत होती. पलंगाआड झाकलेली भिंत सोलली होती, आणि सुपलीत हिरव्या कपच्यांचा ढीग होता.

“रोज झाडतेस?”

“तू उठायच्या आत.” आई पलंगाच्या कडेला बसली. “टिकणार नाही हे मला कळत होतं गं. पण भिंतीवर ती पाण्याची रेघ होती ना. यांच्या डोक्याच्याही वर. पडल्या पडल्या तीच दिसायची.”

मुकादमबाईला रेघ चांगली आठवत होती. पहिल्याच दिवशी तिनं टेप लावून ती मोजली होती, जशी प्रत्येक घरात मोजते. बाबा केवढे उंच होते, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“मग मला आधीच का नाही बोललीस?”

“तूही तीच बघत होतीस. तुला काही होत नव्हतं. मला वाटलं, मलाच होतंय.”

तिला रडू आलं नाही. तिनं पिशवीतून गिलावा काढायच्या पत्र्या काढल्या, एक आईच्या हातात दिली. दोघींनी तोंडाला फडकी बांधली आणि खरवडायला घेतलं. खालचं आईकडे, वरचं हिच्याकडे. रेघेपाशी तिचा हात जरा थबकला, मग पुढे गेला. दुपारपर्यंत लाल विटा उघड्या पडल्या, आणि रेघ कुठे होती ते दाखवता येईना.

पुढे तिनं मेन बटण वर जिन्यापाशी नेलं आणि दार आत उघडेल असं बसवून घेतलं. आईचा पलंग खिडकीकडे सरकवला. आईची बहीण आपल्याकडेच राहायला ये म्हणत होती, पण आई गेली नाही. भिंत सुकायला उन्हाळा उजाडला, मग नवा गिलावा झाला. रंग कोणता द्यायचा असं विचारल्यावर आई म्हणाली, “दे कुठलाही. आता काय.” तिनं साधा पांढरा दिला.