लेकीच्या गाडीची ताडपत्री

लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ताडपत्र्या शिवणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणत. नवरा गेल्यावर त्यांनी ही नोकरी धरली आणि तिच्यावरच एकुलत्या एक लेकीला वाढवलं. जाड कापडात दाभण खुपसून बोटांची सालटं निघायची, पण तोंड कायम चालू. "माझी टीप उसवली तर ट्रकच उसवला समजा," असं म्हणून स्वतःच हसायच्या. लेक लहानपणी तिथेच एका जुन्या टायरात बसून अभ्यास करायची. इंजिनांच्या आवाजात वाढलेली ती पोर पुढे लष्कराचा ट्रक चालवायला लागली, तेव्हा मावशींनी सगळ्या वर्कशॉपचं तोंड गोड केलं होतं.

मग सीमेवर लढाई पेटली आणि ताफा निघायचा हुकूम आला. आवारात एकच धांदल उडाली. कुणी डिझेल भरतंय, कुणी स्टेपनीत हवा मारतंय, कुणी पाण्याचे कॅन चढवतंय. हवालदारांनी एक ताडपत्री मावशींपुढे आणून टाकली. कोपऱ्यात चांगली हातभर फाटलेली.

"मावशी, दुपारपर्यंत हवी. तुमच्याच पोरीच्या गाडीची आहे. ताडपत्रीशिवाय गाडी हलायची नाही."

ते शेवटचं वाक्य मावशींच्या डोक्यात घर करून बसलं. शिवायला घेतलं खरं, पण हात रेंगाळू लागले. दोरा गुंतला म्हणून तोडला. टीप वाकडी गेली म्हणून उसवली, पुन्हा घातली. मध्येच लेक डोकावली.

"आई, होतंय ना गं? सगळे माझ्यासाठी खोळंबतील."

"होतंय, होतंय. कापड जुनं आहे, घाई करून कसं चालेल?"

लेक त्यांच्या बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली आणि पळाली. जेवलीस का, एवढंही विचारायचं राहून गेलं.

दुपारी हवालदार आले. कोपरा अजून उघडाच होता. पण ते रागावले नाहीत.

"असू द्या, मावशी. एकट्या माणसाने किती करायचं!" आणि वळून ओरडले, "अरे, त्या भंगारातल्या ट्रकची काढा आणि या गाडीवर चढवा!"

ती ताडपत्री खुद्द मावशींनीच बाद ठरवली होती. उन्हाने विटलेली, चिमटीत धरली तरी फाटणारी.

"साहेब, ती नको!" मावशी हातातल्या दाभणासकट धावल्या. "थोडा वेळ द्या, आत्ता पुरी करते!"

"आता वेळ कुठला, मावशी?"

जवानांनी ताडपत्री चढवली, दोर आवळले आणि मागे दाटीवाटीने बसले. लेकीने खिडकीतून हात हलवला. मावशी काहीतरी ओरडल्या, पण इंजिनांपुढे त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू आला नाही. एकेक गाडी फाटकाबाहेर पडली.

मावशी जागेवर येऊन बसल्या आणि उरलेली टीप घालू लागल्या. कितीशी उरली होती!

काही दिवसांनी लेकीचा फोन आला. आवाज तुटत होता.

"मी मजेत आहे गं. पाऊस मात्र थांबायचं नाव घेत नाही. मी केबिनमध्ये असते, मला काही होत नाही. मागची मुलं भिजतात बिचारी. त्यांना म्हटलं, माझ्या आईने शिवलेली असती तर थेंब आला नसता."

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"स्वेटर घालतेस ना?" त्यांनी विचारलं.

फोन केव्हाच कट झाला होता.