नाव रिकामं सोडलेला ड्राफ्ट

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नुसता नव्हता असं नाही, मला राग यायचा. आमच्या हॉलमध्ये बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. लहानपणी शेजारच्या काकू "पोरीची नजर उतरवा" म्हणाल्या, तर बाबांनी त्यांना खुर्चीत बसवून अर्धा तास लेक्चर दिलं होतं. करणी, भानामती, बाहेरचं... हे शब्द आमच्याकडे हसण्यापुरतेच निघायचे. या ग्रुपवरचे अनुभव मी वाचायचे ते टाइमपास म्हणून, आणि मनात म्हणायचे, लोकांना उद्योग नाहीत. आता मीच लिहायला बसलेय. खुशाल हसा.

मी अमरावतीची. कठोरा नाक्याकडे राहतो आम्ही — बाबा, आई आणि मी. भावंडं नाहीत. बाबा तहसील ऑफिसातून रिटायर झालेत, वय अडुसष्ट, मूळ गाव अंजनगाव सुर्जी. माझं काम वेबसाइटचं. नव्या कमी, जुन्याच जास्त. कोणीतरी बारा-पंधरा वर्षांपूर्वी साइट बनवून दिलेली असते, तिच्यात मजकूर टाकायची जी आतली सिस्टीम असते ती कोणी कधी अपडेट केलेली नसते, आणि एक दिवस हॉस्टिंगवाल्यांचा मेल येतो की आता हे आमच्या सर्व्हरवर चालणार नाही. मग लोकांना माझी आठवण होते.

तसाच अकोल्याहून गावंडे भाऊंचा फोन आला. त्यांचं एक जुनं साप्ताहिक होतं, नाव देत नाही. छापणं बंद झालं, वेबसाइट तेवढी राहिली. त्या साइटवर आता बातम्या कोणी वाचत नाही, पण श्रद्धांजलीचं पान अख्खा जिल्हा वाचतो. कोणाकडे तेरवी कधी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कुठे, सगळं तिथे. हजारो लोकांचे फोटो, बारा वर्षांचे. जुना सर्व्हर महिनाअखेर बंद होणार होता.

ऑफिस म्हणजे भाऊंच्या घराची पुढची खोली, डाबकी रोडकडे, खाली किराणा आणि वर हे. मी तीन दिवस बसने जाऊन-येऊन काम केलं. भाऊंची आई मागच्या खोलीतून दर अर्ध्या तासाने डोकावायची. दुपारी मी डबा काढला की तो बाजूला सरकवायची.

"बाई, गरम भाकर खाय. मी एक्याऐंशी वर्साची झाली, मले नाई म्हणू नोको."

तिन्ही दिवस मी तिच्या हातचं जेवले.

साइटवर जवळजवळ सगळा मजकूर एकाच माणसाने टाकलेला होता — इंगळे काका, तिथले ऑपरेटर. ते दीड वर्षापूर्वी वारले, तेव्हापासून भाऊच जमेल तसं टाकायचे. त्यांच्याबद्दल भाऊ कौतुकाने सांगायचे.

"इंगळेची एक पद्धत होती ताई. गावात कोण सिरीयस हाये हे त्याले सगळ्यात आधी मालूम राहे. दवाखान्यासमोरच्या टपरीवर बसे ना तो. मंग इथं येऊन अर्धं टाइप करून ठेवे. गाव, वय, मागे कोण कोण. नाव मात्र टाके नाई. म्हणे, जित्या माणसाचं नाव या पानावर टाइप करू नाई. घरचे आले का नाव भरे, झालं. रडणाऱ्या माणसाले जास्त विचारा लागे नाई."

मला ते तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं. कोणी मेल्यावर घरच्यांना स्पेलिंग विचारत बसणं किती वाईट असतं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. अपग्रेडच्या आधी मी नेहमी जुने, बंद पडलेले युजर काढून टाकते. इंगळे काकांचा युजर डिलीट करताना सिस्टीमने विचारलं की या युजरचा मजकूर पुसायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा? खाली यादीत दोनच नावं. गावंडे भाऊंचं आणि माझं. मी सवयीने माझं निवडलं. काम झालं की मालकाच्या नावावर करून द्यायचं असतं, ते मी विसरले. विसरले म्हणजे, तिसऱ्या दिवशी बस चुकत होती आणि मला वाटलं घरून करू.

त्या क्षणी बारा वर्षांची मेलेली माणसं माझ्या नावावर आली. असा विचार तेव्हा डोक्यात आलाही नव्हता हो... मी फक्त ओके दाबलं.

माझी एक वही आहे. काम सुरू करण्याआधी मी तिच्यात आकडे लिहून ठेवते — प्रकाशित किती, ड्राफ्ट म्हणजे लिहून ठेवलेले पण अजून न टाकलेले किती. त्या साइटचे ड्राफ्ट शून्य होते. काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरून तपासलं तर एक ड्राफ्ट दिसला. लेखक म्हणून माझं नाव. आत लिहिलेलं: बोरगाव मंजू, वय ५४, मागे पत्नी, दोन मुले. नावाची जागा रिकामी.

मला वाटलं, काकांचा जुना ड्राफ्ट कुठेतरी अडकला असेल, अपग्रेडमध्ये वर आला. होतं असं. संध्याकाळी भाऊंचा फोन आला की एक श्रद्धांजली टाकून द्या, मला ही नवी सिस्टीम अजून जमत नाही. बोरगाव मंजू. चौपन्न. मी विचारलं, मागे कोण? त्यांनी सांगितलं. मी ड्राफ्ट उघडून नाव भरलं आणि पब्लिश केलं. स्वतःलाच समजावलं, योगायोग.

मंगळवारी दुसरा ड्राफ्ट. मूर्तिजापूर, वय ३१, मागे आई-वडील, एक भाऊ. मी तो वाचला आणि लॅपटॉप बंद करून आईला भाजी निवडू लागले. गुरुवारी भाऊंचा फोन. मूर्तिजापूरचा मुलगा, मोटारसायकलचा ॲक्सिडेंट, जागच्या जागी. हा कुठल्या दवाखान्यात सिरीयस नव्हता. मंगळवारी तो कामावर गेला होता, हसत-खेळत असेल.

त्या रात्री मी पासवर्ड बदलला. मोबाइलवर कोड आल्याशिवाय लॉगिन होणार नाही अशी सोय केली. कोणीतरी साइट हॅक करून खोडसाळपणा करतंय, असं मला मनापासून वाटायला हवं होतं. पण निम्मंच वाटलं.

शनिवारी चार वाजता मी आईबरोबर बाजारात होते. आठवतंय, कारण सांबार, म्हणजे कोथिंबीर, घ्यायचा की नाही यावरून आईशी वाद झाला होता. लॅपटॉप घरी, बंद. मोबाइलवर कोणताही कोड आला नाही. घरी येऊन उघडलं तर ड्राफ्ट होता, शनिवार चार वाजताचा, माझ्याच लॉगिनवरून.

अंजनगाव सुर्जी. वय ६८. मागे पत्नी, एक मुलगी.

बाबा समोर खुर्चीत पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय झालं व? अशी काय पाहून राहिली?"

"काही नाही," म्हटलं. मी ड्राफ्ट डिलीट केला. ट्रॅशमधूनही काढला. पेज रिफ्रेश केलं. तो तिथेच होता, वेळही तीच, चार वाजताची. पाच-सहा वेळा केलं.

बॅकअप परत टाकावा असं वाटलं, पण जुनी सिस्टीम ज्या सर्व्हरवर चालायची तो बंद झाला होता. त्यासाठी तर सगळा अपग्रेड होता. रविवारभर मी बाबांच्या मागेमागे फिरले. त्यांना गाडी काढू दिली नाही, गच्चीवर जाऊ दिलं नाही. ते वैतागले.

सोमवारी सकाळी बाबा म्हणाले, "डावा खांदा दुखून राहिला. रात्री कुशीवर झोपलो वाटते." मी त्यांना शर्टही बदलू न देता ऑटोत घातलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी बघितली, मग दुसऱ्यांदा काढायला लावला, आणि म्हणाले, आत घेतो, ऑब्झर्व्हेशनमध्ये ठेवू. आईला बाकावर बसवलं. तिला पाणी दिलं. आणि मी कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन बॅगेतून लॅपटॉप काढला. हो, मी लॅपटॉप सोबत घेऊन गेले होते. यावरून समजा, माझी काय अवस्था होती.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे माझ्या नावावर आलंय, तर ते माझ्या नावावरून काढायचं. इंगळे काकांचं त्यांना परत करायचं. मी त्यांचा युजर नव्याने तयार केला. तयार झाला, युजरच्या पानावर दिसतही होता. पण सगळा मजकूर सिलेक्ट करून लेखक बदलायला गेले की खाली उघडणाऱ्या यादीत तो येईना. परत केला. परत नाही. यादीत दोनच नावं. माझं आणि गावंडे भाऊंचं.

तेवढ्यात आतून नर्स धावत बाहेर आली आणि दुसऱ्या एकीला घेऊन पुन्हा आत गेली. कोणासाठी ते मला माहीत नव्हतं.

मी भाऊंचं नाव निवडलं आणि अपडेट दाबलं.

गोल फिरत राहिलं, मग पान आलं. सगळ्यावर गावंडे. ड्राफ्टच्या पानावर गेले. अंजनगावचा ड्राफ्ट नव्हता. त्याच्या जागी दुसरा होता, आताच्या मिनिटाचा.

अकोला. वय ८१. मागे एक मुलगा, सून, नातवंडे.

मी ते वाचलं. नीट वाचलं, दोनदा. यादीत माझं नाव अजून होतं, मला ते पुन्हा माझ्याकडे घेता आलं असतं. एक क्लिक. आतून डॉक्टर आले आणि म्हणाले, काळजीचं नाही, स्थिर आहेत. मी लॅपटॉप मिटला.

बाबा तिसऱ्या दिवशी घरी आले. गोळ्या, पथ्य, फिरणं. नवव्या दिवशी दुपारी भाऊंचा फोन आला.

"ताई... माय गेली. जेवली, आंग टाकलं, उठलीच नाई. तुमी टाकून द्या बरं तिचं. माह्याकून लिहिल्या जाऊन नाई राहिलं."

मी उघडलं. लिहायचं काही नव्हतंच, सगळं तयार होतं. मी तिचं नाव भरलं. फोन चालूच होता. भाऊ नाक ओढत म्हणाले, "तुमच्या बाबांची तब्येत बरी हाये ना आता?" मी म्हटलं, हो, बरी आहे.

त्यानंतर ती साइट मी दुसऱ्या एका डेव्हलपरकडे सोपवली. त्याला एवढंच सांगितलं की कोणाचाही युजर काढू नको. त्याला दोनदा विचारलं, ड्राफ्टमध्ये काही दिसतं का. तो म्हणतो, नाही, शून्य. मूर्तिजापूरच्या ड्राफ्टचा स्क्रीनशॉट मी घेतला होता, तो मोबाइलमध्ये सापडत नाही. आता वाटतं, घेतलाच नसेल.

महिनाभर हे पोटात ठेवलं. मग एका संध्याकाळी राहवलं नाही आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला वाटलं होतं तसंच एकेक मुद्दा घेऊन खोडून काढलं. इंगळेचे जुने ड्राफ्ट असतील कुठं दबलेले. कॉम्प्युटर तारखा चुकवते. अंजनगावात अडुसष्ट वर्षांची, एक मुलगी असलेली माणसं काय कमी आहेत? आणि एक्याऐंशी वर्षांची बाई... वय झालं होतं तिचं. हा योगायोग आहे. ऐकता ऐकता मला रडूच आलं, इतकं मोकळं वाटलं. मग ते म्हणाले,

"हे मी आज सांगून राहिलो. पण त्या दिवशी तर तुले ते खरं वाटलं होतं ना?"

"हो."

"मंग खरं समजून तू गावंडेच्या नावावर टाकलं. आन् त्याची माय तुले जेवू घाले."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही आत होते. त्यांनी मान हलवली. उठून आत गेले.

इथे बरेच जण जाणकार आहेत, कोणाला याचं टेक्निकल उत्तर माहीत असेल तर सांगा. मी लॉग पाहिले, डेटाबेस पाहिला, दोन मित्रांना दाखवलं. मला आजपर्यंत काही सापडलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, रोज सकाळी चालायला जातात. फक्त त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.