साहेबांची सक्तीची सुटी: बर्नाबी ते लेक लुईज

रॉकीज बघायला लोक हौसेने जातात. आम्ही गेलो ते साहेबांना सुटी भोगायला लावण्यासाठी.

माझं ऑफिस कॅनडातल्या बर्नाबीत, कंपनी जपानी. जपानात अति काम करून माणसं दगावल्याच्या बातम्या गाजल्या आणि टोकियोहून हुकूम आला: प्रत्येक साहेबाने रजा घ्यायचीच, आणि विश्रांती घेतानाचा फोटो रोज पाठवायचा. आमचे साहेब हायाशी-सान साठीला टेकलेले, इथे एकटे राहणारे. रजा कशाशी खातात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यात साहेबांच्या आधी कुणी रजेवर जायचं नाही, हा आमच्या ऑफिसातला न लिहिलेला नियम. डिसेंबरात सांगलीला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. साहेब हलत नाहीत तोवर मीही हलणार नाही, हे कळल्यावर माझा नवरा मंदार म्हणाला, "चल, त्यांना गाडीत घालून नेऊ."

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी पहाटे निघालो. हायाशी-सान टाय लावून आले होते. त्यांचा लॅपटॉप मी आदल्या दिवशीच काढून घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये ठेवला होता. होप गावापर्यंत रस्ता सोपा, पुढे कॉक्विहालाचा घाट. ऑक्टोबर लागला की तिथे विंटर टायर सक्तीचे, हे लक्षात असू द्या. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. साहेबांनी मांडीवर रुमाल पसरून दोन खाल्ल्या आणि विचारलं, आता पुढचं काम काय? काही नाही, डोंगर बघा, म्हटलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की रेव्हलस्टोकपर्यंत पापणी लववली नाही. मुक्काम गोल्डनला केला, कारण बॅन्फची भाडी ऐकून मंदारची झोप उडाली होती. संध्याकाळचा फोटो आधार कार्डावरच्यासारखा आला. विश्रांती दिसतेय का, असं त्यांनी काळजीने विचारलं. अटक दिसतेय, मंदार मला मराठीत म्हणाला.

लेक लुईजला उजाडायच्या आत पोचा, नाहीतर पार्किंग मिळत नाही. कॅनडाला दीडशे वर्षं झाली म्हणून गेल्या साली नॅशनल पार्कचा पास फुकट होता आणि सगळा देश तिथे लोटला होता. पार्किंगमध्ये एक चिनी नवरी पांढऱ्या झग्यावर जाड जॅकेट चढवून, गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून रडकुंडीला आली होती. तिचं नाव लिन. लग्न चीनमध्ये पुढच्या वर्षी, पण फोटो आधीच काढून ठेवायची त्यांच्याकडे पद्धत. शेनझेनला रात्र झाली होती, तरी तिचे साहेब ऑफिसातच होते आणि मालाच्या तक्त्यातले आकडे जुळत नाहीत म्हणून हिला फोनवर धरून बसले होते. नवरदेव कुडकुडत उभा होता. फोटोग्राफर उगवत्या उजेडाकडे बोट दाखवून कळवळत होता.

हायाशी-सान तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

"नुसतं बघायचं हं," मी बजावलं.

"बघतोच आहे," ते म्हणाले. बघता बघता टाय सैल झाला, लिन बाजूला सरकली आणि साहेब टाइप करायला लागले.

रजेत काम केलं की रजा रद्द, आणि त्यांच्याबरोबर माझीही. पण आकडे जुळले. लिन त्यांना वाकून वाकून नमस्कार करत, झगा सावरत तळ्याकडे पळाली. मंदारने काढलेल्या फोटोत हायाशी-सान तोंडभर हसत होते. त्या सहलीतला त्यांचा हसरा फोटो तेवढाच.

लॅपटॉपचा भाग कापून पाठवू, मंदारने सुचवलं. साहेबांना ते पटेना. त्यांनी अख्खा फोटो टोकियोला पाठवला आणि मग तळं बघायला आले. पाणी फोटोत दिसतं त्याहून निळं आहे, पण मला त्या दिवशी कशाचंच कौतुक नव्हतं.

परतीच्या वाटेवर मी फुगून बसले होते. रॉजर्स पासची खिंड ओलांडल्यावर हायाशी-सान आपणहून बोलले. "सुटीत घरी कुठे बसायचं, मला कळत नाही. टोकियोला गेलो की सोफ्यावर बसलो तरी बायकोला अडचण, टेबलाशी बसलो तरी अडचण. तिची चूक नाही. त्या घरात माझी जागा कधी ठरलीच नाही."

माझा राग गेला. वाईट वाटलं. डब्यातली शेवटची पुरी मी त्यांना दिली.

सोमवारी टोकियोचं उत्तर आलं: रजा नामंजूर. शिवाय फोटोतल्या लॅपटॉपवर चिनी अक्षरं दिसली म्हणून, साहेब चिनी कंपनीत जाण्याच्या विचारात आहेत का, अशी चौकशी. झालं, म्हणजे त्यांनी पुन्हा रजा घ्यायची आणि तोवर मी ताटकळायचं. आईला फोनवर काय सांगावं, सुचेना. आठवडाभराने हायाशी-सान माझ्या टेबलाशी आले.

"एकाच विमानाने गेलो," ते म्हणाले, "तर कुणीच कुणाच्या आधी गेलं नाही."

तर डिसेंबरात साहेब सांगलीत. मंडपात त्यांना पहिल्या रांगेत सोफा दिला, तिथे ते अवघडून गेले. शेवटी माझ्या काकांनी त्यांच्या हातात मठ्ठ्याची बादली दिली. टाय खांद्यावर टाकून त्यांनी पंगतीच्या पंगती वाढल्या. कुणी पानावर हात आडवा धरला की कमरेत वाकून पुन्हा आग्रह करत. तो फोटो टोकियोला गेला आणि उत्तर आलं: स्थानिक धार्मिक विधीत सहभाग, रजा मंजूर.

बर्नाबीला परतलो त्याला आता महिना झाला. डोंगरांचे फोटो फोनमध्ये पडून आहेत. फ्रिजवर दोनच लावलेत, एक बॉनेटवरचा आणि एक बादलीचा. हायाशी-सान या उन्हाळ्यात निवृत्त होऊन कायमचे घरी चाललेत. तशी बादली आणि ओगराळं इथे कुठे मिळेल, असं त्यांनी काल लाजत विचारलं. घरी बसायला जागा नसली, तरी बायकोला वाढायला उभं राहता येईल, म्हणाले.