लाल चिंधीचं पोतं

मेसमध्ये कधी इंद्रायणीचा भात शिजला की मला वेल्ह्याची भाताची गिरणी आठवते. बारावीनंतर कॉलेज वर्षभर लांबणीवर टाकून मी तिथं कामाला लागले होते. घरी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून सांगितलं होतं, पण काम अंगवळणी पडलं तसं ते 'नक्की' माझ्याच तोंडी सैल होत गेलं. उन्हाळ्यात एकदा पासलीच्या एक आजी टेम्पोतून दोन पोती घेऊन आल्या. एक भरडायचं, आणि लाल चिंधी बांधलेलं दुसरं लेकीला द्यायचं बियाणं. लाल चिंधीच्या पोत्याला आमच्याकडं कुणी हात लावत नाही. आजी चहाला गेल्या आणि मी गप्पांच्या नादात चिंधी सोडून तेही मशीनमध्ये ओतलं. परत आल्यावर आजींनी ते गरम पांढरे तांदूळ मुठीत घेतले. "पोरी, ह्ये आता खायाचं झालं. उगवायचं न्हाई." मला रडूच फुटलं. गिरणीवाले काका ओरडायला लागले, तर आजींनीच त्यांना गप्प केलं. "रडू नगं. घरी मागल्या सालचं बी हाये थोडं. येक वरीस थांबलेलं चालतंय. त्याच्या म्होरं मातर भरवसा न्हाई." मग डोळे पुसायला पदर पुढं करत त्यांनी विचारलं, "तू का गं साळा सोडलीस?" "सोडली नाही आजी, एक वर्ष थांबलेय." "कवापासनं?" मी मनात महिने मोजले. वर्ष भरत आलं होतं. ती चिंधी त्यांना परत द्यायची राहूनच गेली. आज ती माझ्या कॉलेजच्या बॅगेला बांधलेली आहे.