न्हाणीतला दगड

गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याला सगळे ओळंबा म्हणत. त्याची भिंत केसभरही कलायची नाही. त्याच्या हातून वाकडं झालं ते एकदाच. ते त्याच्या न्हाणीत होतं आणि रोज आंघोळीला तो त्याच्यावरच बसायचा.

तो धक्क्यावरचा दगड. गाव वसवणारी बाई त्यावर बसून परतणाऱ्या होड्यांची वाट बघायची, अशी गोष्ट. समुद्रात जाताना दगडाला हात लावला की माणूस परत येतोच म्हणे. मोठी गलबतं गेली, बंदर गाळानं भरलं, वखारींत शेळ्या रवंथ करायला लागल्या, पण हात लावणं काही सुटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी दगड लोण्यासारखा गुळगुळीत झालेला. धक्क्याची डागडुजी करताना तो सुटा निघाला आणि ओळंब्याची नियत फिरली. संध्याकाळी हातगाडीवर, गोणपाटाखाली घालून त्यानं तो घरी आणला.

दुसऱ्याच पहाटे त्याचा जिवाभावाचा खलाशी दोस्त होडी घेऊन गेला तो गेलाच. वादळानं गिळला. मागाहून लोकांना दगड दिसेना. गावाच्या जिभेला हाड कुठलं? खलाशी बायकोशी भांडून हात न लावताच निघाला, म्हणून समुद्र कोपला. माणूस नेला आणि दगडही नेला!

ओळंब्यानं तोंडाला कुलूप घातलं. पण दोस्तानं त्या अंधारात दगड किती चाचपला असेल, हे अंगावर पहिला तांब्या घेताना त्याला आठवायचंच.

वर्षं लोटली. परवा धक्क्यावर पाहुण्यांसाठी गावच्या इतिहासाची पाटी लागली. दोस्ताची बायको तिथंच जाळं सांधत बसली होती. ओळंबा शेजारी कठडा लिंपत होता.

"काय लिहिलंस रे?" तिनं पेंटरला विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. कोप, भांडण, सगळं.

"भांडण कशावरून झालं तेवढं राहिलं बघ," ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

ओळंबा तडक घरी गेला आणि पहार घेऊन न्हाणीत घुसला.

"अहो, डोकं फिरलं का? आंघोळ कुठं करायची?" बायको ओरडली.

"अंगणात."

दगड धक्क्यावर उतरवतो न उतरवतो तोच गर्दी जमली. त्यानं तोंड उघडायच्या आत कुणीतरी आरोळी ठोकली, "समुद्रानं परत दिला! ओळंब्याला सापडला!" एकानं खलाशाच्या बायकोला हाक मारली, "काकी, समुद्रानं काकांना माफ केलं बघा!"

ओळंब्याच्या मनात आलं, सुटलो की फुकटात.

ती उठली. दगडाच्या कडेला चिकटलेलं सिमेंट तिनं नखानं खरवडलं.

"माफ केलं म्हणता. पण माझ्या माणसानं केलं काय होतं?" विचारलं सगळ्यांना, बघत होती ओळंब्याकडं.

"काही नाही, वहिनी. दगड आदल्या संध्याकाळीच मी नेला होता. माझ्या न्हाणीत होता."

"न्हाणीत?"

"त्याच्यावर बसून आंघोळ करायचो."

"म्हातारचळ लागलाय ह्याला," एक जुना खलाशी पुटपुटला. "पाटी रंगवून झाल्यावर सुचतंय!"

पुटपुटणाऱ्याकडं तिनं बघितलंही नाही. "मोठ्यानं सांगा, भावजी. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

ओळंब्यानं पुन्हा सांगितलं.

"अजून मोठ्यानं," ती म्हणाली.