काकांच्या छातीतलं मशीन

काल दुपारी काकांची तिरडी उचलणार, तेवढ्यात मी म्हटलं, थांबा.

अंगण माणसांनी भरलेलं. त्रिशरण-पंचशील होऊन गेलेलं. काकांचा मुलगा संजूदादा पुढच्या बांबूला हात लावून वाकला होता. तो तसाच वाकून माझ्याकडे बघत राहिला.

काका पहाटे झोपेतच गेले. मी अमरावतीहून मिळेल त्या बसने अकोल्याला पोचले होते. येताना रडत आले, आणि नेमकी ही एक गोष्ट विसरले होते.

काकांच्या छातीत, खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत एक छोटं मशीन होतं. त्याच्या वायरी मानेतून वर मेंदूत गेलेल्या.

ते आगीत फुटतं, असं मला आठवत होतं.

आठवत होतं. खात्री नव्हती. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर बोलले होते, की मी नंतर कुठे वाचलं?

माझं चुकत असेल तर मी भरल्या अंगणात काकांना उगाच अडवून ठेवलं होतं. आणि बरोबर असेल तर चितेच्या सगळ्यात जवळ संजूदादा उभा राहणार होता.

काकांचं ऑपरेशन केलेल्या नागपूरच्या डॉक्टरांना मी फोन लावला. रिंग वाजत राहिली.

ज्यांना काका माहीत नव्हते त्यांच्यासाठी सांगते. ते इथल्या एका जिनिंग मिलमध्ये कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस बोटांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. जन्मभर हेच काम.

त्यामुळे त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर आपोआप फिरायला लागला, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. टीव्हीसमोर, लग्नाच्या पंगतीत, बस स्टँडवर.

"सुट्टीच्या दिवशीबी कापूस पायते हा माणूस," काकू म्हणायची. आम्ही हसायचो. काकाही हसायचे.

खरा कापूस हातात आला की हात एकदम शांत. म्हणून जिनिंगमध्येही कुणाला शंका आली नाही.

पुढे पावलं आखूड झाली. शर्टाची बटणं लागेनात. चेहऱ्यावरचं हसू कमी कमी होत गेलं.

डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं, हाताला काही झालेलं नाही. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो, त्या पेशी मरत चालल्यात. त्या जे रसायन पाठवतात, त्याच्या जोरावर हालचाल सुरू होते आणि थांबते. रिकामा हात थरथरणं आणि कामाला लागला की शांत होणं, ही पार्किन्सनचीच खूण.

गोळ्यांनी काही वर्षं निघाली. मग ऑपरेशन.

मेंदूत खोलवर तुरीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी अशी एक जागा आहे. ते रसायन कमी पडलं की ती जागा सतत ब्रेक दाबून धरते. वायरचं टोक तिथे पोचवून मशीनच्या करंटने तो ब्रेक सोडवायचा होता. जरा बाजूला गेलं तर बोलणं जायची भीती. म्हणून पेशंटला जागं ठेवतात, बोलतं ठेवतात.

हात तपासायला त्यांनी काकांच्या बोटांत दवाखान्यातला कापूस दिला. काका म्हणाले, "हा काय कापूस हाये? याले कोणी भाव देणार नाई."

सगळे हसले. मग करंट वाढवला आणि पुढच्याच वाक्यात काकांची जीभ जड झाली. कुणी हसेना. वायर किंचित सरकवली, तेव्हा वाक्य पूर्ण झालं.

हा किस्सा काका रंगवून सांगायचे. काकू दर वेळी उठून स्वयंपाकघरात जायची.

नंतर तपासणीला गेलं की डॉक्टर मशीन थोडा वेळ बंद करायचे. काकू काकांचा हात धरून बसायची. जरा वेळाने तो हात तिच्या हातात पुन्हा कापूस पाहायला लागायचा.

"आला," ती म्हणायची. मग डॉक्टर मशीन चालू करायचे आणि अंगठा थांबायचा.

अखेर नागपूरच्या डॉक्टरांनी फोन उचलला. म्हणाले, बरोबर आहे तुमचं. मशीन काढल्याशिवाय अग्नी देऊ नका. आधी घरी दिलेल्या रिमोटने ते बंद करा.

गल्लीतल्या ओळखीच्या सर्जनना बोलावलं. ते आले. काकांना पुन्हा आतल्या खोलीत नेलं. दारात कुणीतरी म्हणालं, बॅटरीच त हाये, राहू द्या. संजूदादा म्हणाला, "गेल्यावरबी कापाचं का त्यायले?"

काकू काकांच्या उशाशी येऊन बसली. तिने विचारलं, "ते चालू हाये काय?"

मी रिमोट काकांच्या छातीवर धरला. खोटं बोलता आलं असतं.

"चालू आहे."

"मंग कसे नेता यायले?"

मी सांगायला लागले, की ते बॅटरीवर चालतं, माणूस गेला हे त्याला कळत नाही. अर्ध्यातच थांबले. रिमोट तिच्या हातात दिला.

हे बरोबर केलं का, मला अजून कळत नाही. सर्जन करू शकले असते. मी करू शकले असते.

काकूने डाव्या हातात काकांचा उजवा हात घेतला. बटण दाबलं.

सगळे त्या हाताकडे बघत होते. मला सगळं माहीत होतं, तरी मीही त्या अंगठ्याकडेच बघत होते.

काकू थांबली. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली.

"नाई आला," ती म्हणाली.

मग हात अलगद खाली ठेवला आणि सर्जनकडे वळली.

"काढा आता. टाके मात्र बारीक घाला."

जयभीम, काका.